परत मागून आणलेला वानवळा

माझं माहेर धाराशिवच्या वाशीकडचं, दिलं बेंबळीजवळच्या ह्या गावात. दोन्हीकडं एकच वळण, रानात पहिलं काही निघालं की आधी शेजारी वानवळा द्यायचा, मंग आपल्या चुलीवर ठेवायचं. सासू तर अजून तशीच हाय, थकली पर वटीत भाजी घेऊन गल्लीभर वाटत फिरती.

आता रानाचं सांगते ताई. हिरीकडच्या तुकड्यात आमच्या मालकांनी गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचं काम केलं, त्यातलं शिसं भट्टीवर वितळवायचं आन इकायचं, घर त्याच्यावरच उभं राह्यलं, खोटं कशाला बोलू. मंग आमची म्हैस त्या तुकड्यात चरून आंधळी झाली, गोल गोल फिरून मेली बिचारी. जनावराचा डॉक्टर म्हनला मातीत शिसं उतरलंय. कॉलेजातली शेतीची मानसं आली, माती नेली, म्हनली हितं करडई लावा, ती शिसं वढून घेती, बी धरायच्या आत मुळासकट उपटून पोत्यात भरा, आमी नेऊ, पर कुणी खायची न्हाय, जनावरानं बी न्हाय, आन असं लई वर्सं करावं लागंल. लई वर्सं, ताई.

मालक म्हनले गावात बोलू नको, लोक आपल्या घरचं पानी पिनार न्हाईत. मला बी तीच लाज. सासूला सुदिक सांगितलं न्हाय, नुसतं म्हनलं आत्याबाई, त्या तुकड्याला हात लावू नका. तिला वाटलं सून चिकट हाय.

ह्या थंडीत म्या तुळजापूरला देवीला गेले हुते, सांजच्याला आले तर सासू दारात खुशीत, म्हनली करडई काय माजलीया गं, कवळी कवळी खुडली आन तीन घरी दिली. काय सांगू तुम्हाला, कुनाकुनाला दिली ते इचारलं आन तशीच निघाले.

दिलेला वानवळा परत मागतंय का कुनी? पहिल्या घरी म्हनलं औषध मारलंय त्याच्यावर, द्या माघारी. तिनं भाजी माझ्या पदरात टाकली, आन बघितलं कसं ते अजून डोळ्यापुढं येतं. दुसरीला बी तेच सांगितलं. तिसरं घर कमळाबाईचं, तिची रेखा पहिल्या बाळंतपनाला आलेली, ती जेवायला बसली हुती, ताटात भाकरी आन आमची करडई. म्या जाऊन तिचा हातच धरला. कमळाबाई म्हनली पोटुश्या पोरीच्या तोंडातला घास काढतीस व्हय गं? मंग औषधाचं खोटं तोंडातून निघंना, पोटातल्या लेकराचं काय व्हायचं? बॅटऱ्या, भट्टी, म्हैस, सगळं सांगितलं, मान खालीच. रेखा उठली, बाहेर जाऊन वकली.

धाराशिवला दवाखान्यात नेलं, म्या बी गेले, लांबच्या बाकड्यावर बसले, कमळाबाईनं जवळ बोलावलं न्हाय. रक्त तपासून डॉक्टरीन म्हनली चार घासानं काही हुनार न्हाय, पर पुन्हा खाऊ नका. तवा कुठं माझा जीव भांड्यात पडला. पुढं रेखाला पोरगी झाली, गुटगुटीत हाय. बारशाला बोलावनं आलं, गेले, पर पाळन्याजवळ जायला पाय उचलंना, दारातूनच बघितलं.

राहिलेल्या दोन घरी बी जाऊन खरं सांगितलं. सासूला सांगितलं तवा ती दोन दिस जेवली न्हाय. आता काठी घेऊन बांधावर बसती, येनाऱ्या जानाऱ्याला वरडून सांगती, खुडू नका रं, आमचं रान इखारी झालंय. ऐकून माझं तोंड काळं पडतंय, पर म्या तिला गप करीत न्हाय.

कमळाबाई अजून वानवळा धाडती, वांगी, शेंगा, काय निघंल ते. भांडं रिकामं परत करू ने म्हनून म्या त्यात दुकानातली साखर घालते, रानातलं काय घालनार? तिची नात सुखात ऱ्हावू दे. देवीला येवढंच मागते, माती निवळंस्तवर मला ठेव, एकदा मूठभर भाजी घेऊन कमळाबाईच्या दारात जाते. ती घेईल का न्हाय, ते इचारायला अजून तोंड व्हत न्हाय.