'नको' कुणी दाबलं?

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, बावड्यातल्या निम्म्या पोरांचे कान पिळून त्यांना मार्गी लावणाऱ्या माजी मुख्याध्यापिका आदरणीय नुजहत मुजावर मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती कुमारी स्नेहल, आणि आपल्या रविवार चित्रपट मंडळाच्या बावीस घरांतील सभासद बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं 'दोन मिनिटे' असं लिहिलंय. बाकी कुणाच्या नावापुढं वेळ नाही. अकरा वर्षं मंडळाचा अध्यक्ष मी, आणि घड्याळ तेवढं मलाच? कुणी लिहिलं, विचारत नाही. अक्षर मात्र ओळखलंय. खिजर, प्रोजेक्टर तू चालवतोस म्हणून त्याच्या मागं लपू नकोस.

मंडळी, मी तीस वर्षं एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. देव जरी उसाची ट्रॉली घेऊन आला असता, तरी त्याला आधी खाली उतरवून मग वजन केलं असतं. संशय घ्यायचा मला पगार मिळत होता. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, संशय चालूच राहिला.

पूर्वी आपण रविवारचा पिक्चर कसा ठरवत होतो? हात वर करून. मी नाव सांगायचो, माझा हात वर जायचा, आणि मागोमाग सगळं सभागृह वर. अकरा वर्षं कुस्ती, सूड, हाणामारी. मला वाटायचं, माझी आवड तीच बावड्याची आवड. कुणी ब्र काढला नाही, मग दुसरं काय समजायचं?

यंदा फेब्रुवारीत ही स्नेहल आली. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. म्हणाली, "काका, सगळ्यांनी मिळून पिक्चर निवडायचं ॲप करते." पद्धत सोपी. नाव कुणीही सुचवावं. एका घराचा यादीत एक फोन नंबर, एक मत. प्रत्येक पिक्चरपुढं दोन बटणं, 'चालंल' आणि 'नको'. 'नको' घराला आठवड्यातून एकदाच, पण तो पडला की पिक्चर बाद. आणि कुणी काय दाबलं, ते कुणालाच दिसणार नाही.

ते ऐकूनच माझं डोकं फिरलं. चांगल्या कामाला लपवाछपवी लागते व्हय?

झालं तसंच. पहिल्या रविवारी माझा पिक्चर बाद. एक 'नको'. दुसऱ्या रविवारी बाद. परत एकच 'नको'. पाच महिने हेच! दरवेळी एकच, म्हणजे माणूसही एकच. बावीस घरांत माझा एवढा वैरी कोण? मी पाळत ठेवली. हाणामारी सुरू झाली की खिजर चहाला बाहेर जातो, हे टिपलं. मॅडम, माफ करा, तुमच्या मागच्या खुर्चीत बसून तुमचं बोट कुठं जातंय तेही पाहिलं. तुम्ही नातवाचे फोटो बघत होता. असा सगळा तपास मी घरी आमच्या सौभाग्यवतींना, संयोगिताबाईंना सांगायचो. त्या भाकरी थापत म्हणायच्या, "असंल की कोणतरी. जेवा आधी."

शेवटी ॲप करणारीवरच माझा संशय बसला. जुलैच्या सभेत, तुम्हा सगळ्यांसमोर, "ही पोरगी आतून गडबड करत्या" असं मी बोललो. पुण्याच्या कंपनीनं तिच्याकडं आपल्या मंडळाचं पत्र मागितलं होतं, हे ॲप वापरात आहे आणि चोख चालतं असं. त्या पत्रावर तिची नोकरी अडली होती. मी सही न करता ते खिशात घातलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं. तरी म्हटलं, नावं दाखव आणि सही घे.

ती म्हणाली, "दुसऱ्याचं नाव दाखवणार न्हाई, काका. नोकरी गेली तरी न्हाई. मी बावीस घरांना शब्द दिलाय. तुमचं तेवढं तुम्हाला दाखवते."

तिनं लॅपटॉप उघडला. वर माझं नाव, विजयसिंह. खाली वीस रविवार. वीसच्या वीस रविवारी माझ्याच पिक्चरला 'नको'.

"बघ! हीच ती गडबड!" मी ओरडलो. "मी माझ्याच पिक्चरला नको म्हणीन व्हय?" आणि तेवढ्यात नंबर वाचला. मंडळाच्या यादीतला माझा जुना नंबर. नवा फोन घेतला तेव्हा जुना फोन नंबरासकट मी घरी देऊन टाकला होता, गॅसचा नंबर लावायला. यादी बदलायची मीच विसरलो. नव्या फोनवरनं मी जे दाबत होतो, ते ॲप पाहुण्यात धरत होतं. पाहुण्यानं नाव सुचवावं, मत मात्र मोजायचं नाही. हा नियम कुणी घालायला लावला? मीच. बाहेरची माणसं घुसतील, या संशयानं.

तो फोन आता घरी असतो, हे मी बोलून गेलो. स्नेहलच्या ध्यानात आलं, तसा तिनं लॅपटॉप झटकन मिटला. "काका, माझं चुकलं. हे मी दाखवायला नको होतं."

घरी जाऊन विचारलं. संयोगिताबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "मला रगात बघवत न्हाई. अकरा वर्षं तुमच्या शेजारी डोळं मिटून बसल्ये."

"मग बोलायचं की!"

"इचारलंसा कधी? त्या पोरीच्या फोननं पयल्यांदा इचारलं."

मला लाज वाटली. अजून वाटते. हे इथं सांगायची परवानगी मी त्यांच्याकडनं घेतलीय. तिसऱ्या रांगेत बसल्यात.

पत्रावर दुसऱ्याच दिवशी सही केली आणि स्वतः पुण्याला जाऊन दिलं. कुरिअरवाल्यावर माझा भरवसा नाही. पोहोचही घेतली. नोकरी पक्की झाली, म्हणून तर आजचा हा निरोप. आणि ज्या सभागृहात तुझी बदनामी केली, त्याच सभागृहात सांगतो, स्नेहल, मी बोललो ते साफ खोटं होतं. तुझं ॲप चोख आहे. पुण्यात कुणी तुझ्यावर आवाज चढवला, तर माझा नवा नंबर लाव.

यादीतला नंबर मी बदलू दिला नाही. आमच्या घराचं मत संयोगिताबाईंकडंच राहील. मी पाहुणा. आजच्यासाठी या पाहुण्यानं रक्ताचा थेंब नसलेला, चांगला हसवणारा पिक्चर सुचवला होता. मोठ्या हौसेनं, हां! काल तोही बाद झाला. एक 'नको'. कुणाचा, मला माहीत नाही. पहिल्यांदा मनात खिजर आला, खरं सांगतो. पण आत्ता बोलता बोलता लक्षात येतंय, तो सुचवतानाही मी घरात कुणाला विचारलं नव्हतं.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, आपला ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आता मी खाली बसतो. संयोगिताबाई, तुम्हाला कुठला पिक्चर बघायचाय? सांगा की. आम्ही सगळे थांबलोय.