मागच्या रांगेतली अनिका

"हॅलो? … हो, बोल सुनेत्रा. लावलाय टीव्ही, केव्हाचा लावलाय."

न्यू जर्सीत, एडिसनच्या घरात सुवर्णाताईंनी फोन खांद्यात धरला आणि रिमोटने आवाज कमी केला. मिशिगनमधल्या नोव्हायहून धाकट्या नणंदेचा फोन होता. आज समोर येईल त्याच्यावर त्या राग काढणार होत्या, आणि सुनेत्राने आपण होऊन फोन केला होता.

"दिसली ना आमची अनिका? … त्या जिमवाल्याच्या मागे, करडं जॅकेट. मागच्या रांगेत बसवलीय गं तिला. जुना मंत्री सोडून गेल्यावर वर्षभर अख्खं शेतीखातं हिने सांभाळलं. ओळखीतले सगळे म्हणत होते, आता हिलाच मंत्री करणार. आणि नव्या प्रेसिडेंटने कॅबिनेटमध्ये घेतलं कोणाला? … हो, हो, जिमच चालवतो. चांगली चालत असेल, मला काय त्याचं?"

"… नवा चेहरा? चेहरा काय करायचाय? … अगं ऐक ना. तुझ्या गाड्यांच्या कंपनीत इंजिनाचं डिझाइन देतात का नव्या चेहऱ्याला? … मग?"

पलीकडे नव्या रक्ताचं कौतुक चालूच होतं. सुवर्णाताईंनी डोळे मिटून घेतले, पण ऐकून घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"जुन्यांनी काय दिवे लावले म्हणतेस? … बाकीच्यांचं राहू दे. अनिकाचं बोल. … आणि ह्यावर कडी ऐक. मंत्री व्हायला सिनेटची मंजुरी लागते ना, त्या आजच्या सुनावणीसाठी त्याची तयारी कोणी करून घेतली? हिनेच. ऑफिसातल्या लोकांना खोटे सिनेटर करून बसवलं, आणि त्याला प्रश्न विचारून विचारून सगळं घोटून घेतलं. … मी म्हटलं ना तिला, राजीनामा दे आणि घरी ये. अपमानाला काही लिमिट असते. तर म्हणते, 'आई, समवन हॅज टु.' … छे, ती कुठली रडतेय. मीच रडले."

"थांब, थांब. काहीतरी विचारतायत … पीकविम्याचं. … गप्प झाला बघ. बस आता. … सुनेत्रा, ती पुढे वाकतेय. अनिका, नको … दिली. चिठ्ठी दिली गं हिने. वाचतोय बघ कसा, जन्मभर नांगर धरल्यासारखा. आणि तो सिनेटर मान डोलावतोय. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय."

इतका वेळ सोफ्यावर मुकाट बसलेले राजेशराव काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात? … एक मिनिट हां, हे काहीतरी सांगतायत. … पार्सिपनीच्या ऑफिसातलं? त्याचं काय आत्ता? … तुला माहीत नसेल, सुनेत्रा. आम्ही अमेरिकेत नवीन आलो ना, तेव्हा ह्यांना ज्याच्या जागी घेतलं, त्यानेच ह्यांना काम शिकवलं. शेजारी बसवून, महिनाभर. … हो, नोकरी जाणार हे माहीत असून. ह्यांना तर तिथलं ओ की ठो कळत नव्हतं …"

"अहो, पण ते वेगळं होतं. … सुनेत्रा, तू सांग ह्यांना. वेगळं होतं ना ते?"

टीव्हीवर अनिका मान खाली घालून पुढची चिठ्ठी लिहीत होती.

"नाही, आहे मी लाइनवर. … काय हो, नाव काय होतं त्या शिकवणाऱ्याचं? …"

"ह्यांनाही आठवत नाहीये, सुनेत्रा. … नाही, राग गेलेला नाही माझा. पण ठेवते मी आता."