मानेतली जाळी उजवी की डावी

नाव व पत्ता सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे. वय ५४ वर्षे. शिक्षण मॅट्रिक पास. धंदा विचारला तेव्हा मी "घर बघते" असे सांगितले, तो हवालदारसाहेबांनी घरकाम असा लिहिला आहे. राहणार दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

मी आज ता. २ रोजी सकाळी ८ वाजून ४० मिनिटांनी कोणी न बोलावता ठाण्यात येऊन समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती व माझे धाकटे दीर असे तिघे राहतो. पती वजनकाटे दुरुस्त करतात, वय ६१. दीर छापखान्यात बांधणीचे काम करतात. दिरांनी गेल्या महिन्याच्या २७ तारखेला तक्रार दिली आहे की, डॉक्टरांनी त्यांच्या भावाच्या मानेत चुकीच्या बाजूला जाळी बसवली व त्यामुळे भावाचा उजवा हात आणि बोलणे गेले. तक्रारीत साक्षीदार म्हणून माझे नाव आहे. चौकशी होईपर्यंत दवाखान्याने त्या डॉक्टरांना काम बंद ठेवायला लावले आहे, असे मला समजले.

मला लग्नापासून टिपणवही ठेवायची सवय आहे. दूध किती आले, कोण भेटून गेले, कोणते औषध किती वाजता दिले, सगळे तारखेनिशी लिहिते. खाली सांगितलेल्या वेळा वहीतून सांगत आहे. वही सोबत देत आहे. परत मिळावी.

गेल्या महिन्याच्या १ तारखेला सकाळी पतींच्या उजव्या हातातून पावशेराचे वजन खाली पडले. "काय पडलं?" म्हणून मी विचारले तर त्यांना वजन हा शब्द आठवेना. चाळीस वर्षे त्याच शब्दावर पोट भरले. पंधरा मिनिटांत हात आणि बोलणे परत आले. ते म्हणाले, "बघ, गेलं तसं आलं. चहा टाक." मी चहा टाकला नाही. दिरांनी रिक्षा आणली.

दवाखान्यात मानेचे फोटो काढले. डॉक्टरांनी कागदावर रेघा काढून दाखवले की डाव्या बाजूने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून गाळाने अरुंद झाली आहे, तिथला कण सुटून वर गेला होता. मांडीतून बारीक नळी घालून मानेत जाळी बसवायची, म्हणजे वाट मोकळी राहील. मी विचारले, "मांडीतून मानेत जायचं, तर मध्ये वाट चुकत नाही का?" डॉक्टर म्हणाले, "नळीतून रक्तात रंग सोडून पडद्यावर बघत बघतच जातो, मावशी." त्यांनी असेही सांगितले की शंभरात दोनतीन जणांना या कामातच झटका येतो आणि तो तुमच्या माणसालाही येऊ शकतो. हे त्यांनी दोनदा सांगितले. दिरांनी आणि मी वाचून सही केली.

ता. ४ ला जाळी बसवली. सकाळी ११.१० ला आत नेले, १२.२५ ला बाहेर आणले. पती मला पाहून पहिले वाक्य बोलले ते, "आवंढा गिळू नका म्हणे. आता गिळू का?" ता. ६ ला घरी सोडले. कागदावर दोन गोळ्या लिहून दिल्या, एक छोटी पांढरी व एक गुलाबी. दोन्ही रोज सकाळी १० वाजता. दोन्ही रक्त गोठू नये म्हणून. विचारल्याशिवाय एकही बंद करायची नाही, असे डॉक्टरांनी सांगितले व कागदाच्या खाली फोन नंबर लिहून त्याभोवती गोल काढला.

ता. २० ला सकाळी ७.१० वाजता पतींच्या हातातून कप पडला. या वेळी हात परत आला नाही. बोलणेही आले नाही. दीर त्यांना पाठीवर घेऊन दोन जिने उतरले. ८ वाजायच्या आत आम्ही दवाखान्यात होतो. त्याच डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. जाळीत रक्त गोठले होते. ते त्यांनी ओढून काढले, पण एक तुकडा आधीच वर गेला होता. पती आज हात खांद्यापर्यंत उचलतात. "हो", "नाही" आणि "बस" एवढे तीन शब्द बोलतात.

दवाखान्याने फोटोंची तबकडी दिली होती. दिरांनी ती छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर लावली. कागदावर डावी बाजू लिहिलेली आणि पडद्यावर जाळी उजवीकडे. ते घरी आले, जेवले नाहीत. म्हणाले, "वहिनी, डाव्याचं उजवं केलं त्यांनी. दादाचा हात माणसाच्या चुकीने गेला. मी सोडणार नाही." मी म्हटले, "नीट विचारून तर बघू." ते म्हणाले, "विचारायचं काय, दिसतंय की." आमच्या दिरांना राग लवकर येत नाही. आला की मात्र जात नाही.

मला फोटोत काय असते ते बघायचे होते. म्हणून ता. २९ ला दुपारी मी तबकडी घेऊन दवाखान्याच्या फोटोच्या खोलीत गेले. तिथले जुने तंत्रज्ञ सगळ्यांना सगळे समजावून सांगतात, म्हणून त्यांना मास्तर म्हणतात. तक्रार कोणाच्या घरून आली आहे हे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी खुर्ची दिली.

पडद्यावर झाडाच्या फांदीसारखी काळी रेघ होती. कवटी नाही, दात नाहीत, मानेचे मणके नाहीत. मी विचारले, "यांची हाडं कुठं गेली?"

मास्तर म्हणाले, "वजा केली."

"कोणी?"

"मशीनने. आधी रंग न सोडता एक फोटो घेतो. त्यात हाडं येतात. मग रंग सोडून दुसरा. त्यात हाडंही येतात आणि रंगही. दुसऱ्यातून पहिला वजा करायचा. दोन्हीत जे सारखं ते जातं. नवीन तेवढं उरतं."

मी म्हटले, "आणि माणूस मध्येच हलला तर?"

"तर वजाबाकी चुकते. जिथं काही नाही तिथं सावली दिसते. म्हणून तर गिळू नका सांगतो. तुमच्या मालकांनी त्या दिवशी मला विचारलं, हसलं तर चालेल का."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, हसण्यासारखं काही बोलणारच नाही मी. तर तेवढ्यावरच हसले. तो फोटो परत काढावा लागला."

मग मी बाजूचे विचारले. मास्तरांनी खुर्ची फिरवून माझ्यासमोर आणली आणि म्हणाले, "ताई, मी तुमच्यासमोर बसलोय. माझा डावा हात तुमच्या कुठल्या बाजूला?" मी त्यांना पुढचे सांगू दिले नाही. मी रोज सकाळी देवाच्या तसबिरीसमोर बसते. देवाचा आशीर्वादाचा हात उजवा आहे आणि तो माझ्या डावीकडे असतो. छत्तीस वर्षे त्याच्याकडे बघून हात जोडते. फोटोतला माणूस आपल्याकडे तोंड करून असतो, म्हणून त्याची डावी बाजू पडद्याच्या उजवीकडे दिसते. सगळ्या फोटोंत असेच असते. मास्तरांनी दुसऱ्या दोन पेशंटचेही दाखवले. पतींच्या फोटोच्या कोपऱ्यात बाजूची खूणही होती. जाळी डावीकडेच आहे. दिरांची चूक झाली आहे. लबाडी नाही.

मी एवढ्यावर उठायला हवे होते. पण मला राहवले नाही, म्हणून मी दोन्ही वेळचे फोटो शेजारी शेजारी लावायला सांगितले. ता. ४ च्या फोटोत रंग जाळीतून सरळ वर जाऊन डोक्यात पसरला होता. ता. २० च्या फोटोत तो जाळीच्या मध्यापर्यंत येऊन थांबला होता, नळाची तोटी फिरवावी तसा. मी विचारले, "कशाने झालं?"

मास्तर म्हणाले, "ते फोटो सांगत नाही. जाळी शरीराला परकी असते, रक्त तिच्यावर गोठायला बघतं. म्हणून दोन गोळ्या देतात."

"दोन कशाला? एकाच दाराला दोन कुलपं."

"दार एक नाही, ताई. दोन आहेत. एक गोळी एक दार लावते, दुसरी दुसरं. एकीनं दुसरीचं काम होत नाही." मग ते म्हणाले, "तुमच्याकडे दोन्ही चालू होत्या. केसपेपरवर आहे. म्हणून तर डॉक्टर चक्रावलेत. रोज येऊन हे दोन फोटो बघत बसतात."

मी तबकडी पिशवीत टाकली आणि घरी आले. चष्मा तिथेच राहिला. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी पाठवला.

चष्मा आल्यावर मी वहीची दोन पाने समोर ठेवली. घरी सोडल्यापासूनचे पहिले आठ दिवस आणि नंतरचे सहा दिवस. मास्तरांनी सांगितले तसे दोन्हीत जे सारखे होते ते काढून टाकले. जेवण सारखे. पांढरी गोळी सारखी. झोप, चालणे, रक्तदाब सारखा. उरले ते एकच. ता. १४ पासून ता. १९ पर्यंत रोज माझ्या अक्षरात "गुलाबी नाही" असे लिहिले आहे. मला हे वहीशिवायही ठाऊक होते.

त्याचे कारण असे की, ता. १२ पासून पतींच्या हिरडीतून दात घासताना रक्त येत होते आणि दंडावर निळे डाग उठले होते. मला वाटले की रक्त जरुरीपेक्षा पातळ होत आहे. दोन्ही गोळ्या एकाच कामाच्या, तर एक पुरे. लागेल तेवढेच वापरावे, असे मला लहानपणापासूनचे वळण आहे. फोन नंबर समोर होता. एवढ्याशासाठी डॉक्टरांना कशाला त्रास, म्हणून मी फोन केला नाही. ता. १४ ला सकाळी देवाला विचारले. देवाने काही सांगितले नाही, ते मी हो असे धरले.

पतींनी त्याच दिवशी विचारले, "आज गुलाबी नाही?" मी सांगितले, "डॉक्टरांनीच बंद केली." ते म्हणाले, "बरं झालं, एक कमी." डॉक्टर तसे बोलले नव्हते.

ता. २० ला सकाळी डॉक्टरांनी मला उभ्या उभ्या विचारले, "दोन्ही गोळ्या रोज चालू आहेत ना?" मी हो म्हणाले. ते तसेच केसपेपरवर लिहिले गेले. ते खोटे आहे. दीर तेव्हा शेजारी उभे होते. त्यांना यातले काही माहीत नव्हते.

गोळी दिली असती तर झटका आलाच नसता, असे मी म्हणू शकत नाही. डॉक्टरांनी आधीच शंभरातल्या दोनतीन जणांचे सांगितले होते. पण गोळी बंद मी केली आणि नाव डॉक्टरांचे झाले. ता. २९ ला फोटोच्या खोलीबाहेर एक बाई वडिलांना घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या वडिलांनाही मानेत जाळी बसवायची आहे. डॉक्टर कामावर परत कधी येणार म्हणून त्यांनी मला विचारले. मला माहीत नाही, असे मी सांगितले.

न दिलेल्या सहा गुलाबी गोळ्या मी टाकल्या नव्हत्या. मी काही टाकत नाही. त्या सुईदोऱ्याच्या डबीत ठेवल्या होत्या. त्या मी मोजून ठाण्यात जमा केल्या आहेत.

काल संध्याकाळी मी हे सगळे आधी पतींना सांगितले. ते ऐकत होते. शेवटी मी विचारले, "ठाण्यात जाऊन सांगू?" ते "हो" म्हणाले. मी म्हटले, "तुम्हाला माझा राग आला का?" त्यावर ते "बस" म्हणाले. पुरे या अर्थाने म्हणाले की शेजारी बस या अर्थाने, ते मला कळले नाही. मी बसले.

दिरांना आज सकाळी सांगितले. ते माझ्याबरोबर आले आहेत व बाहेर बाकावर बसले आहेत. वाटेत एकच बोलले, "वहिनी, मला सांगायचं होतंत." तक्रारीचे काय करायचे ते त्यांचे ते सांगतील. माझी डॉक्टरांविरुद्ध काही तक्रार नाही. हा जबाब त्यांना व दवाखान्याला दाखवावा आणि केसपेपर दुरुस्त व्हावा. माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे.

जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "गुलाबी गोळी देण्याचे विसरले" असे लिहिले होते. हवालदारसाहेब म्हणाले, "ताई, असं ठेवलं तर तुम्हालाच सोपं जाईल." मी ते खोडून "जाणूनबुजून बंद केली" असे लिहायला लावले व खोडलेल्या जागी सही केली. आता वाचले ते माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलेले व खरे आहे.

वेळ सकाळी ९ वाजून ४० मिनिटे. गुलाबी गोळी दहाला द्यायची असते. ती मीच देते. तोवर मला घरी जाऊ द्यावे.