साठ पेट्या, खिळा एकही नाही

जमलेल्या आयाबहिणींनो, आणि माझ्या धंद्यातल्या भावांनो,

माईक बाजूला राहू द्या. जन्मभर मशीनच्या आवाजावर ओरडून बोलतोय, माझा आवाज मागच्या ओळीपर्यंत जातो. मी बाळू सुतार. सुमनबाई कांबळेंचं दुकान माझ्या दुकानासमोर. परवा बाई गेली. तिच्याबद्दल चांगलं बोलणारे इथं पुष्कळ आहेत. मी तिच्याशी वाईट वागलो होतो, म्हणून मला बोलायचंय. रडगाणं गायला आलो नाही. बाई जिंकली कशी, ते सांगायला आलोय.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णव साल असेल. तिचे मालक वारले आणि त्यांचं कटर तिच्या गळ्यात पडलं. कटर म्हणजे टेबलातनं वर आलेलं गोल पातं, त्यावर फळ्या चिरायच्या. आम्ही म्हणालो, महिन्याभरात विकून मोकळी होईल. बाईनं पदर खोचला आणि फळ्या चिरायला लागली.

तेवढ्यात हुपरीचा एक चांदीचा व्यापारी माझ्याकडं आला. पैंजणं ठेवायला साठ सागवानी पेट्या हव्यात, दिवाळीच्या आत. अट एकच, खिळा नको. खिळा गंजतो, आतल्या मखमलीवर डाग पडतो. कोपऱ्याला बॉक्स जॉइंटच पाहिजे. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून बघा, तसा जोड. हातानं एक पेटी करायला मला दोन दिवस लागायचे. साठ कुठनं करणार? जमणार नाही म्हणालो. तर समोरनं बाई बोलली, "मी करती की."

मी त्या व्यापाऱ्याला काय म्हणालो, ते आज सांगणं भाग आहे. म्हणालो, "पावणं, तिच्या घरात कुणी कधी सुतारकी केलीया काय? फळ्याच फाडू द्या तिला."

बाईनं ऐकलं. ऐकून रस्ता ओलांडून माझ्याकडंच आली. "आण्णा, तुम्हास्नी येतोय की ह्यो जोड. एकदा दावा." मी दाखवला नाही. बापजाद्यांचं काम आहे, असं कुणालाबी दावत न्हाय, म्हणालो. लाज वाटते आज. त्या दिवशी वाटली नाही.

मग बाई एकटीच भिडली. पात्याशेजारी एका पट्टीवर लाकडाची खुंटी बसवली. पहिली खाच पाडायची, ती खुंटीवर टेकवायची, की दुसरी खाच बरोबर तेवढ्याच अंतरावर पडते. मग तिसरी, मग चौथी. दिवसभर खपून तिनं चार फळ्या केल्या. जोडायला गेली, तर बोटं आत जाईनात. मी दारातनं ओरडलो, "हाण की हातोडा. आमी तसंच बसवतोय." खोटं नव्हतं ते, आम्ही तसंच बसवायचो. तिनं हाणला. कडेचं बोट फाटकन चिरलं. मी हसलो. माझ्याबरोबर सगळी गल्ली हसली.

बाई रडली नाही. चिरलेली फळी मांडीवर घेऊन बघत बसली. मग म्हणाली, "कोरडंच हातोड्यानं बसतंय, तर सरस लावल्यावर लाकूड फुगंल. मग कसं बसंल?"

ऐकताय ना? सरस म्हणजे लाकूड चिकटवायची ओली खळ. वीस वर्षं मी पेट्या ठोकत होतो. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

खुंटी पात्यापासनं लांब होती. किती लांब? कागदाएवढी. तेवढंच बोट खाचेपेक्षा जाड पडत होतं. पण दहा बोटांत कागदाएवढाही फरक चालत नाही. बाईकडं हुपरीच्या एसटीचं तिकीट होतं. पट्टी सैल केली, पलीकडनं तिकीट सारलं, पट्टी पात्याकडं सरकली, पुन्हा आवळली. घट्टच. तिकिटाची घडी घातली. अंगठ्यानं दाबलं आणि जोड बसला. हातोडा तिनं जो टाकला तो टाकलाच.

व्यापारी नमुन्याची पेटी बघायला आला. बाईनं पेटी पालथी घातली आणि वर उभी राहिली. मग मला हाक मारली. "आण्णा, या. तुमी बी चढा." त्या वेळी मी नव्वद किलोचा. अख्खी गल्ली गोळा झालेली. चढताना माझ्या मनात होतं, मोडू दे. तेही आज सांगून टाकतो. पेटी करकरलीसुद्धा नाही. शेवटी व्यापारीच म्हणाला, "उतरा आता, माझा माल हाय त्यो." साठच्या साठ पेट्या दिवाळीआधी हुपरीला गेल्या. पुढं दर वर्षी त्याचा माणूस यायचा. माझ्या दुकानाकडं ढुंकून बघायचा नाही.

पाच-सहा वर्षांनी माझी वेळ आली. लोक तयार फर्निचर घ्यायला लागले, माझं काम आटलं. एक दिवस रस्ता मी ओलांडला. तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. बाईनं मशीन बंद केलं आणि म्हणाली, "या आण्णा. हातोडा तेवढा घरी ठिवून या." बस, एवढाच टोमणा. चार दिवस मला शेजारी उभं करून तिनं सगळं शिकवलं. कसलीही आडकाठी नाही. जे मी तिला दाखवलं नाही, ते तिनं मला दाखवलं. आज माझ्या घरची चूल त्या जोडावर पेटते. आणि कटरवर एवढी वर्षं काढून बाई दहाच्या दहा बोटं घेऊन गेली. माझी नऊ आहेत. मोजून घ्या.

सुमनबाई माझी गुरू होती. हे चार माणसांत मी म्हणायला ती जावी लागली. लोक हसतील, असं वाटायचं. आज हसा खुशाल.

आणि एक. रोज सकाळी दुकान उघडताना ती रस्त्यापलीकडनं मला जय भीम म्हणायची. मी नुसती मान हलवायचो. इतकी वर्षं नुसती मान हलवली.

उभे राहा सगळे.

सुमनताई, जय भीम.