पाण्याचं वजन

(पालघरच्या पूर्वेकडचा एक पाडा, गौरी-गणपती होऊन गेल्यावरचे दिवस. झोपडीच्या पडवीत आढ्याला आडवा टांगलेला बांबूचा दांडा. एका टोकाला मधमाश्यांची लाकडी पेटी, दुसऱ्या टोकाला टोपलीत दगड.)

गोमा : कान नको लावू आता, नवसे. उघडून बघितली मी. मेल्यात सगळ्या.

नवसी : सगळ्या?

गोमा : पोळ्याच्या भोकांत डोकी खुपसून मेल्यात. आत मधाचा टिपूस नाय.

नवसी : म्हणजे उपाशी गेल्या.

गोमा : उपाशी कशा जातील? रोज सकाळी तोलत होतो. मिरगात जेवढे दगड लागत होते, तेवढेच गौरीला लागले. हे ऊन पडलं आन् पेटी वर जायला लागली. म्हणून तर उघडली.

नवसी : पेटीवाल्या साहेबांनी काय सांगितलेलं? पावसात फुलं नसतात, माश्या साठवलेलं खातात. वजन उतरलं की साखरेचं पाणी ठेवा.

गोमा : उतरलं तर ना. पावसात सारखी उघडायची नाय, म्हणून तर एवढा खटाटोप करून हा काटा बांधला.

नवसी : मी म्हणाले होते तुला, आतला आवाज बारीक झालाय.

गोमा : एकदाच म्हणालीस.

नवसी : तू हसलास. मग कशाला परत बोलू?

शकू : नवसे, सुकट घे गो. शिरगावाहून डोक्यावर आणलीय, परत न्यायला लावू नको. आन् ही तोंडं का अशी केलीत दोघांनी?

नवसी : माश्या मेल्या, शकूबाय. मधाच्या.

शकू : अगो बाय. आन् हा बाजारात माझ्या वजनांवर एकेक दगड तोलून, घासून घेऊन गेला होता. माझा धंदा अडवून बसलेला सकाळभर. आख्खी मासळीवाली लाईन हसली याला.

गोमा : दगड बरोबरच हायत.

शकू : दगडांना कोण काय म्हणतंय? पेटी पावसाळाभर इथंच, पडवीत?

गोमा : हो. वर छप्पर हाय की.

शकू : छप्पर हाय, पण झड येते ना रे आडवी. हात लाव, खालची फळी अजून गार हाय. पाणी प्यायलंय लाकूड. आमची होडी पाण्यातनं वर ओढायची तर दुप्पट माणसं लागतात. सुकट तर घरात ठेवली तरी पावसात जड होते. आमी तशीच तोलतो, खोटं कशाला बोलू.

गोमा : म्हणजे मध कमी होत गेला...

शकू : आन् तेवढं पाणी भरत गेलं. दांडा आपला सरळच्या सरळ.

गोमा : रोज उठून मी पाणी तोललं.

शकू : पावसात इकडं फिरकले नाय मी. आले असते तर बोलले असते रे. जाते आता. ही मूठभर सुकट ठेवते, नवसे. तोलत नाय.

गोमा : साखर किती उरलीय?

नवसी : काढली कुठं उरायला? डबा भरून हाय रेशनची. पोरीला गुळाचा चहा पाजला. माश्यांची म्हणून कोणाला बोट लावू दिलं नाय.

गोमा : तुला आवाज बारीक वाटत होता, तर वाटीभर ठेवायची होतीस. मी काय हात धरला असता?

नवसी : ठेवायला पायजे होती. रोज वाटायचं ठेवावी. पण तुझा दांडा सरळ दिसला की बरं वाटायचं. मलाबी ते वजन खरं असायला पायजे होतं.

गोमा : लय वाईट वाटतंय गं. राखायला घेतल्या आन् माझ्या हातनं मेल्या.

नवसी : एक पेटी पावसात जगवा, मग अजून चार देतो म्हणाले होते साहेब. चार आल्या असत्या तर यंदा तू एकटा गेला असतास वीटभट्टीवर. मी आन् लाडकी इथं राहिलो असतो, तिची शाळा सुटली नसती.

गोमा : साहेबांना जाऊन सांगतो. लाकडाचं कळलंय आता. पुढल्या पावसात आत ठेवू, चुलीच्या बाजूला.

नवसी : मेल्या तर पेटी परत न्यायची, असं ठरलंय. दुसरे वाट बघत बसलेत.

गोमा : मुकादम कधी येतोय?

नवसी : दसरा झाला की ट्रक घेऊन येतो म्हणालाय.

गोमा : मग सगळीच जाऊ. लाडकीला मागं कोणाकडं ठेवणार?

नवसी : मास्तरांना मी सांगून आले होते, यंदा ती परीक्षेपर्यंत हाय. त्यांनी तिला पुढं बसवलीय.

गोमा : मी जाऊन सांगतो त्यांना. आजच सांगतो.

नवसी : नको. ट्रक आला की सांगू. तवर बसू दे तिला पुढं.