पुसलेली नदी

टाळ जरा हळू, मंडळी. डोळे मिटले तरी चालतील, फक्त घोरू नका! आमच्या बाबूरावांच्या खिशात बघा, मोबाइल आहे आणि त्यातून तंबोरा वाजतोय. भोपळा नाही, तार नाही – पण सूर खरा. मी आधी नाकं मुरडली होती. आता त्याच्याशिवाय उभा राहत नाही.

तर आज एकच प्रश्न घेऊन आलोय. माणूस लिहितो आणि पुसतो. बोलायला जातो आणि गिळतो. ते पुसलेलं, गिळलेलं – जातं कुठं? आहे का कुठं शिल्लक? सांगा की! नाही ना माहीत? मलाही नव्हतं. ऐका तर.

सुरगाण्याकडच्या डोंगरात एक कॉलेज. तिथं भूगोल शिकवणारे दिगंबर गर्गे सर. विद्वान माणूस, आणि हौशी. संगणकावर शिकवायचं कसं याचं सात दिवसांचं प्रशिक्षण झालं, तेव्हा बाकीचे प्राध्यापक दर तासाला चहाला उठले. हे उठले नाहीत. आणि परत आल्यावर काय काय केलं! तासाचं रेकॉर्डिंग ठेवायचे. पाड्यावरची मुलं टेकडीवर चढून, रेंज धरून ते उतरवून घ्यायची आणि घरी चुलीपुढं बसून ऐकायची. वर्गात तोंड न उघडणारी मुलं मोबाइलवरून, नाव न देता, प्रश्न विचारू लागली. एकदा सरांनी उपग्रहाच्या नकाशात ज्याचं त्याला घर दाखवलं. एक मुलगी आपल्या कौलांकडे बघतच राहिली. हळूच म्हणाली, “वरून किती शांत दिसतं, सर.”

ही वनिता भोये. तिच्या पाड्यावरून एम.ए.पर्यंत पोचलेली पहिलीच. घरच्यांनी बजावलं होतं – एक वर्ष जरी वाया गेलं, तरी परत यायचं आणि लग्नाला उभं राहायचं. लक्षात ठेवा हं हे.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प लिहायचा. तिनं आपल्या गावची नदी घेतली. सरांनी सगळ्यांना ऑनलाइन कागद दिला होता. म्हणजे वनिता तिकडं लिहिणार, सर इकडं वाचणार, आणि वाटलं तर त्याच कागदावर लाल अक्षरांत सुचवणार. केवढी सोय!

प्रकल्प पुरा झाला. नक्कल पकडणारं सॉफ्टवेअर असतं, त्यातून तो गेला. उत्तर आलं – शंभरातले एक्क्याऐंशी भाग उचललेले! सरांचा चेहरा उतरला. मुलीला बोलावलं. तू हे पुस्तकांतून घेतलंस का, असं विचारलं. ती म्हणाली, हो. का, असं विचारलं. ती खाली बघत राहिली. सोमवारी समिती बसणार होती. प्रकल्प रद्द झाला, की वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की – सांगितलंय मी तुम्हाला.

शनिवारची दुपार. कॉलेज रिकामं, वर पंखा फिरतोय, खिडकीबाहेर ऊन नुसतं पसरून पडलेलं. समितीला द्यायचा अहवाल लिहायला सर बसले. आणि सहज, अगदी सहज, त्या कागदाचा इतिहास उघडला. त्या कागदाला इतिहास असतो, मंडळी! कोणी काय लिहिलं, कधी पुसलं, सगळं आत जपलेलं. सर पान मागे नेऊ लागले. पुस्तकी वाक्यं एकेक करून विरली. कागद कोरा झाला. आणि त्या कोऱ्या कागदावर, पहाटेच्या धुक्यातून माणसं यावीत तशी, जुनी अक्षरं वर आली:

“आमची नदी उन्हाळ्यात मरत नाही. ती वाळूखाली झोपते. आई हाताने वाळू बाजूला करते आणि थांबते. मग नदी वाटीभर जागी होते.”

सर वाचतच राहिले. पुढं तेरा पानं होती! पाण्यासाठी वाळूत खणतात तो झिरा किती खोल खणायचा, कुठल्या महिन्यात पाणी किती वेळानं पाझरतं, सगळं पोरीनं स्वतः मोजलेलं. वाचता वाचता सरांना वाटलं, खोलीत ओल्या वाळूचा वास येतोय. पंख्याचा आवाज पाण्यासारखा लागला. किती वेळ गेला कळलं नाही.

आणि तेराव्या पानाखाली लाल अक्षरं – “या गप्पा झाल्या. संशोधनाची भाषा वापरा. मान्यवर ग्रंथांत कसं लिहितात ते बघा.”

कोणाची असतील ती? सरांचीच! चार महिन्यांपूर्वी घाईत, पानं नीट न वाचताच लिहिली आणि विसरूनही गेले. त्याच दिवशी दुपारी मुलीनं तेरा पानं पुसली होती.

आता बघा मनाचा खेळ. हा इतिहास समितीत कोण उघडणार होतं? कोणी नाही. ते फक्त आकडा बघतात. सर गप्प बसले असते, तर सरांचं काही बिघडत नव्हतं. आणि दाखवायला जावं, तर लाल अक्षरंही दिसणार. ती पुसता येतात का, हेही त्यांनी शोधलं हो! स्वतः मला सांगितलं, मान खाली घालून. नाही पुसता येत.

सोमवार. समिती बसली. कोपऱ्यात वनिता उभी. सरांनी अहवाल वाचलाच नाही. भिंतीवरच्या पडद्यावर कागद लावला आणि मागे मागे नेला. नदी आली. तेरा पानं आली. मग लाल अक्षरं आली. प्राचार्य बाईंनी चष्मा वर केला. “हे कोणी लिहिलं?”

“मी,” सर म्हणाले. “चोरी तिनं केली, पण वाट मी दाखवली.”

मग ते वनिताकडं वळले. तुझं पहिलं लिहिणं परत आण, म्हणाले.

ती म्हणाली, “ते मी पुसलं, सर. तुम्हाला नको होतं ना.”

सरांनी तिला जुनं लिहिणं परत आणायची कळ दाखवली. तिनं बोट ठेवलं, आणि झोपलेली नदी सगळ्यांसमोर जागी झाली. बाईंनी पंधरा दिवस दिले. आकडे तपासून, स्वतःच्या भाषेत लिहून प्रकल्प पुन्हा दे, म्हणाल्या. तिनं दिला. वर्ष वाचलं.

मिळालं उत्तर? पुसलेलं कुठं जात नाही, मंडळी. आणि आपली लाल अक्षरंही जात नाहीत.

आता माझ्याकडं नका बघू, शेजारी बघा. घरी जाल, तिथं कोणीतरी गप्प बसलेलं असेल. सून असेल, भाऊ असेल. एकदा काही सांगायला आलं होतं. तुम्ही म्हणालात, “काय या गप्पा!” तुम्ही विसरलात. त्यानं पुसलं. त्याच्याजवळ बसा. वाळू बाजूला करा, हातानंच. आणि थांबा. वाटीभर यायलाही वेळ लागतो.

बाबूराव, सूर चालू राहू दे. आज आरतीआधी दोन क्षण सगळ्यांनी गप्प बसू या.