आईच्या फोटोवरची नथ

आमचं मूळ गाव अकोला जिल्ह्यातलं, वडील रेल्वेत गँगमन, आणि काय सांगू तुम्हाला, आमच्या घराण्यात पहिली बी.ए. मी झाले ती आईनं लोकांचे मसाले कांडले म्हणून, दुसरं काही नाही. लग्न होऊन लखनौला आले. आलमबागमध्ये मेट्रोचे खांब उभे राहत होते तेव्हा मी ऑनलाइन काळा मसाला विकायला लागले. नाव ठेवलं सखूआई, म्हणजे माझ्या आईचंच नाव, आणि पाकिटावर फोटोही तिचाच, पांढरी साडी, मोकळं कपाळ. आम्ही बौद्ध, आईनं कुंकू कधी लावलंच नाही.

खडा मसाला मी अमीनाबादच्या एका दुकानातून घ्यायचे. त्या दुकानदारानं काय करावं? असली सखूआई, म्हणजे खरी सखूआई, नावाचं पेज काढलं, आणि माझ्या आईच्या फोटोवर कॉम्प्युटरनं ही एवढी नथ आणि रुपयाएवढं कुंकू चढवलं. जाब विचारायला गेले तर पान चघळत म्हणतो, बहनजी, नाराज क्यों होती हैं, माताजी को सजाया ही तो है, मराठी लगनी चाहिए ना. अक्कल बघा. पोटच्या मुलीला सांगतोय, आई कशी दिसायला हवी.

वर त्यानंच तक्रार केली की नक्कल मी करते. माझंच पेज बंद! वेबसाइटवाले म्हणाले, फोटो तुमचा असल्याचा पुरावा द्या. मग मी अख्खा फोटो पाठवला. माझ्या पदवीच्या दिवशीचा होता तो, पाकिटासाठी फक्त आई कापून घेतलेली. मूळ फोटोत तिच्या शेजारी मी, हातात डिग्री. आठवड्यात माझं पेज परत आलं, त्याचं गेलं. आता म्हणे कुणा काकूच्या नावानं विकतो. स्वतःच्या आईचं नाव लावायची लाज वाटत असेल मेल्याला.

आई हल्ली माझ्याकडेच असते. त्याचं एक पाकीट मागवून तिच्या हातात दिलं होतं. नथीकडे बघितलंही नाही तिनं. चिमूटभर मसाला हुंगला आणि म्हणाली, यात केवडा घातलाय गं, खोबरंसुद्धा भाजलं नाही, आणि माझ्या नावानं हे लोकांना खाऊ घातलं? उठून साबणानं हात धुतले.

अजूनही मी ऑर्डर भरायला बसले की आई विचारते, हा त्याच्याकडे फसलेला तर नाही ना? असेल तर मूठभर जास्त घाल गं बिचाऱ्याला.